पोतंवाल्याचा नियम

३ मार्च, मंगळवार

सकाळी सकाळी धाकटी म्हणते — आई, त्या खेळाच्या खोक्यातली नियमांची पुस्तिका कुठंय? मी म्हटलं, उंदरांनी खाल्ली. म्हणाली, आपल्याकडे उंदीर कुठले? मी म्हटलं, खाऊन गेले!

पुस्तिकेवर मीच बसले होते. गादीखाली सरकवायला निघाले आणि ही दारात उभी. मग काय, बसले वर. दहा मिनिटं हलता येईना. कामाला उशीर. हॉटेलच्या धुलाईघरातला मुकादम म्हणाला, काय बाई, आज चादरी तुमची वाट बघत होत्या. बघू देत.

४ मार्च, बुधवार

झालंय असं. थोरला जहाजावर चढला त्याला आठ महिने झाले. फोन केला की तीन शब्द — बरंय, जेवलो, ठेवतो. बापावर गेलाय. बावीस तारखेच्या रविवारी त्यांचं जहाज बंदराला लागणार, तेव्हा त्याला चांगला एक तास मिळणार. म्हणून धाकटीचं डोकं चाललंय. तो कॉम्प्युटरवर लढायांचा एक गेम खेळतो. त्यात म्हणे आपला आपण नकाशा बनवता येतो. सैनिक, किल्ले काढून टाकायचे आणि आपला घरचा खेळ आत बसवायचा. लाकूड, विटा, लोकर, गहू, दगड असे मालाचे पत्ते. द्या, घ्या, रस्ते करा, घरं बांधा. तो तिकडून खेळणार, आम्ही इकडून.

थोरल्यानं कळवलंय — नियम घरचेच हवेत, नाहीतर मी नाही.

घरचे नियम!

६ मार्च, शुक्रवार

इथं कोण वाचतंय, लिहूनच टाकते. अकरा वर्षांपूर्वी हॉटेलात कुणी पाहुणा ते खोकं विसरून गेला. सहा महिने कुणी न्यायला आलं नाही, मग मी आणलं. दोन्ही पोरांना तेव्हा गोवर. घरात कोंडलेली, चिडलेली. आई वाच, आई वाच! पुस्तिका सोळा पानांची, बारीक अक्षर, सगळं इंग्रजी. मी चौथी पास, तीही मराठीत. पण तापातल्या पोरांना नाही कसं म्हणायचं? धरली डोळ्यांसमोर, चित्रं बघितली आणि दिलं ठोकून.

एका पानावर काळ्या कपड्यातला माणूस, खांद्यावर पोतं. मी म्हटलं, फाशांवर सात पडले की हा येतो. सगळ्यांकडून एकेक पत्ता घेतो आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी त्याला नेऊन देतो. तोंडावरून मला तो बरा वाटला.

अकरा वर्षं आम्ही तेच खेळतोय. आता आठ महिन्यांनी पोराचा एक तास मिळणार आणि तो यातच जाणार — आई, तू आम्हाला फसवलंस? ते मला नकोय.

७ मार्च, शनिवार

धाकटी वही घेऊन बसली. सांग म्हणाली. सांगितलं.

पोतंवाल्याचं सांगितलं. सौदा करताना आधी समोरच्याला विचारायचं, तुला काय हवंय, आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकायचं. (ह्यांच्यासाठी केलेला नियम. हे ऐकतच नाहीत.) आई गॅसकडे उठली की खेळ थांबतो. धाकटी म्हणाली, हा पण टाकू? म्हटलं, हा सगळ्यात आधी टाक! मागे मी दूध उतरवायला गेले तर ह्यांनी माझ्या रस्त्यावर घर बांधलं होतं.

बहुतेक डावांत सगळ्यात कमी माझ्याकडेच असायचं. अर्धं लक्ष कुकरवर, दुसरं काय होणार? पोतंवाला आला की पोरं पत्ते पुढे करायची. मी म्हणायची, नको, ठेवा तुम्हालाच. तर तेही लिही म्हटलं — आईला नको म्हणता येतं. तिनं मान हलवली. पेन मात्र हललं नाही. आळशी कार्टी.

८ मार्च, रविवार

पुस्तिका आता इस्त्रीच्या टेबलाच्या कापडाखाली. ह्यांचा शर्ट घेतला तर खालून कुरकुर. हे लिफ्टदुरुस्तीतले, ह्यांचे कान कुरकुरीलाच टवकारतात. म्हणाले, टेबल काय म्हणतंय? म्हटलं, शर्ट स्वतः इस्त्री करा म्हणतंय.

१० मार्च, मंगळवार

नकाशा पाहिला! छान आहे, तिला सांगितलं नाही.

आमच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यांसारखेच जमिनीचे सहा कोनांचे तुकडे, पण जिवंत. गहू हलतो. मेंढ्या चरतात. फासे नाहीत, मधे घंटाघर आहे. घंटा वाजली की आकडा येतो आणि त्या आकड्याच्या जमिनीवरून माल भरून गाडी निघते, थेट मालकाच्या दारात. सौदा करायचा तर गाडी बाजारात उभी करायची. खोक्यातले रस्ते हरवले तेव्हा मी शर्टाची बटणं लावली होती, तर हिनं रस्ते बटणांसारखे गोल दगडांचे केलेत. लक्षात ठेवलंन!

पण पोतंवाल्याच्या हातात तलवार. म्हटलं, काढ ती. म्हणाली, निघत नाही गं, त्या गेममधला माणूस असाच मिळतो. म्हटलं, तलवारवाल्याला दार कोण उघडेल? मग दुसरा माणूस शोध. तणतणत गेली. संध्याकाळी एक म्हातारा फेरीवाला आणून उभा केला, पाठीवर पोतं. थोडा वाकलाय. चालेल.

१३ मार्च, शुक्रवार

हे, मी आणि धाकटी, तिघं खेळून बघितलं. हे एका दगडाला तीन लाकडं मागतात, तिथंही तेच. पत्ते मांडीखाली लपवायची सवय, तिथं मांडीच नाही! कावरेबावरे झाले. म्हणाले, या नकाशात काही मजा नाही. धाकटी म्हणाली, बाबा, सगळा माल सगळ्यांना दिसतो. हे म्हणाले, तेच तर.

मला तो माऊस आवरत नाही. मेंढी उचलायला गेले आणि आख्खं जंगल तोडलं.

१६ मार्च, सोमवार

आज अडलं. धाकटी म्हणते, सगळ्यात कमी दोघांकडे सारखंच असलं तर पोतंवाला कुणाकडे जाणार? म्हटलं, ज्याचं तोंड पडलेलं असेल त्याच्याकडे. — आई, कॉम्प्युटरला तोंड दिसत नाही. — मग मला विचारायला सांग! — तो तुला कसा विचारणार? पुस्तिकेत काय लिहिलं होतं?

मी ओरडले. पुस्तिका पुस्तिका काय लावलंय, मी सांगते ते पुरत नाही का? ती खाली बघून हसली. हसण्यासारखं काय होतं?

आज चादरींच्या घड्या वाकड्या पडल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. मुकादमानं त्या स्वतः उलगडून पुन्हा घातल्या, ते जास्त लागलं.

१९ मार्च, गुरुवार

सोसवेना. इस्त्रीच्या टेबलातून काढली आणि तिच्यापुढे आपटली. म्हटलं, घे. मला वाचता आली नव्हती. सगळं मनचं सांगितलं. आता रविवारी दादाला तूच सांग.

तिनं उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, सातवं पान. पोतंवाला चोर आहे, आई. जमिनीवर बसून राहतो आणि माल पळवतो.

पुस्तिका म्हणे इंटरनेटवर आहे, कुणालाही मिळते. पहिल्याच दिवशी वाचली! मग मी पंधरा दिवस कुणापासून लपवत होते? — मला बघायचं होतं तू कुठे कुठे लपवतेस. गादी माहीत होती, टेबल बाबांनी सांगितलं.

घरभेदी मेले!

आणि थोरला? त्यानं गोवर उतरल्यावरच वाचली होती. बारा वर्षांचा होता, शब्दकोश घेऊन बसला होता. आता हिनंही वाचली म्हणताच हिला दम दिला — आईला कळू देऊ नकोस, नाहीतर ती खरे नियम लावेल. खऱ्यात जो मागे पडतो तो मागेच राहतो.

मी कांदा चिरायला घेतला. आज कांद्याचं काही काम नव्हतं.

२१ मार्च, शनिवार

उद्या. केस धुतले. हे म्हणाले, तो तुला बघणार नाही, नुसता ऐकणार आहे. धुतले तर धुतले!

२२ मार्च, रविवार

तासाचे दोन तास झाले. थोरला खूप बोलला. हे हरले. मधे मी गॅसकडे उठले तर चारही गावं जागच्या जागी थांबली, त्याच्या जहाजावरची सुद्धा. घंटाघरावर सात आले, सगळ्यात कमी माझ्याकडे, नेहमीसारखंच. वाकलेला म्हातारा निघाला, मागे तीन गाड्या, येऊन माझ्या दारात उभ्या. नको म्हणायचं बटण शोधलं. इकडे नाही, तिकडे नाही. धाकटीला म्हटलं, कुठंय ते? म्हणाली, तो नियम दादानं टाकूच दिला नाही.

तिकडून आवाज आला — घे ना गं आता.

घेतलं.