'नॉट'च्या अलीकडे, 'नॉट'च्या पलीकडे

कॉर्क, आयर्लंड
४ फेब्रुवारी

येशूची स्तुती असो.

चि. जान्सीस एल्साचेच्चीचे अ. आ.

तुझी वीस वाक्यं पोचली. कागदावरच लिही, हा माझा हट्ट तुला जाच वाटतो हे ठाऊक आहे. पण फोन चुका आपणहून दुरुस्त करतो, आणि परीक्षेला फोन नसतो. नर्सांच्या इंग्रजीच्या परीक्षेत तीनदा लेखनातच आपटलीस. इथल्या हॉस्पिटलने तुझी जागा जूनपर्यंतच धरून ठेवली आहे. या खेपेलाही आपटलीस तर ती गेली.

विसांत नऊ चुका! 'वर्कीचेट्टन ऑलवेज डझ नॉट टेक टॅब्लेट्स' असं लिहिलंस, तर इथला डॉक्टर समजेल की तुझा म्हातारा पेशंट गोळ्यांना हातच लावत नाही. तो अधूनमधून चुकवतो ना? मग 'डझ नॉट ऑलवेज'. 'ऑलवेज' 'नॉट'च्या पलीकडे, 'समटाइम्स' अलीकडे. आणि 'नेव्हर' आलं की 'नॉट' घालायचंच नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. अकराव्या वाक्यात तुला म्हणायचं होतं, 'मी नसले की अम्मच्ची सहसा जेवत नाही', तिथे 'यूज्वली' पार शेवटी फेकलंस. उचलून 'नॉट'च्या शेजारी बसवलं आहे.

लाल शाई बघून रडू नकोस. अम्मच्चीला नमस्कार. लोभ आहेच, तो मार्कांवर अवलंबून नाही.

तुझी एल्साचेच्ची


चंगनाशेरी
१९ फेब्रुवारी

ती. एल्साचेच्चीस सा. न. वि. वि.

मला वैताग आलाय, चेच्ची. अकरा वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात काढली. जिथे डॉक्टरांना शीर सापडत नाही तिथे ते मला हाक मारतात. आणि मला 'ऑलवेज'ची जागा सापडत नाही! क्लासातले बिनॉयसार माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. काल सगळ्यांदेखत म्हणाले की जान्सीचेच्चींची वाक्यं म्हणजे उजव्या पायात डावी चप्पल. पोरी खिदळल्या. मीही हसले, काय करणार?

तुझा नियम वर्कीचेट्टनना सांगितला. ते म्हणाले, गोळीची आठवण मला तू ओरडलीस की होते, त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तुझ्या थोरल्या बहिणीलाच विचार.

मठातल्या सिस्टर येऊन गेल्या. म्हणाल्या, तू गेल्यावर तुझ्या आईसाठी वृद्धाश्रमातली खोली तयार आहे. अम्मच्चीने त्यांना उकडलेल्या कंदाचा कप्पा आणि माशाचं कालवण वाढलं आणि खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच विचारलं. नंतर मला म्हणाली, एल्साला लिहिताना एवढ्या आठ्या कशाला घालतेस? मी म्हटलं, हे पत्र नाही, गृहपाठ आहे.

सोबत वीस वाक्यं. चुका असतीलच. कृपा असू दे, शाई जरा कमी वापर.

तुझी जान्सी


कॉर्क
३ मार्च

चि. जान्सीस अ. आ.

शाबास! तीनच चुका. चौदावं वाक्य तर अगदी नमुना म्हणून लावावं असं: 'आय ऑफन डू नॉट वाँट टू गो.' मला पुष्कळदा जावंसं वाटत नाही, या अर्थाला 'ऑफन' तिथेच हवं होतं. त्याखाली मी दोन रेघा मारल्यात.

सिस्टर मायाळू आहेत, खिडकीचं काय घेऊन बसलात? तुझी इथली खोली मी पिवळी रंगवून घेतली. पडदे तू आल्यावर घेऊ. आता फक्त 'रेअरली'बरोबर 'नॉट' लावायची खोड मोड.

अम्मच्चीला नमस्कार. मन घट्ट ठेव.

तुझी एल्साचेच्ची


चंगनाशेरी
२० मे

ती. एल्साचेच्चीस सा. न. वि. वि.

पास झाले. लेखनात हवी त्याहून वरची श्रेणी मिळाली. निकालाची प्रत सोबत आहे. बिनॉयसारांनी क्लासात लाडू वाटले.

आणि चेच्ची, मी येत नाही.

नापास होऊन राहिले असते तर अख्खी चंगनाशेरी म्हणाली असती, बिचारी, जमलं नाही तिला. अम्मच्चीनेही जन्मभर माझी कीव केली असती. म्हणून आधी पास झाले. आता राहतेय ती माझ्या मर्जीने. मला माझा वॉर्ड आवडतो, आणि अम्मच्चीला वृद्धाश्रमाच्या खोलीत ठेवायचं नाही.

आधी सांगितलं नाहीस असं म्हणू नकोस. मला पुष्कळदा जावंसं वाटत नाही हे मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं. तू खाली दोन रेघा मारून शाबासकी दिलीस. मी नसले की अम्मच्ची जेवत नाही हेही लिहिलं होतं. तू त्यातला शब्द उचलून दुसरीकडे बसवलास. त्याने तिच्या पोटात घास गेला नाही.

फार बोलले. रागावलीस तरी पत्र पाठवायचं थांबवू नकोस.

तुझी जान्सी


कॉर्क
६ जून

चि. जान्सीस अ. आ.

चार दिवस मी तुझ्या नावाने बोटं मोडली. खरंच सांगते, खूप चिडले. हॉस्पिटलला जागा नको म्हणून कळवलं. सिस्टरनाही फोन करून सांगितलं की खोली दुसऱ्या कुणाला द्या.

मग तुझे सगळे कागद काढले आणि पहिल्यांदाच नुसते वाचले. सगळं लिहिलं होतंस. पण मला ते वाचायचं नव्हतं, जान्सी. तुझे दाजी जोसेचेट्टन वारल्यापासून या घरात मल्याळम बोलायला कोणी नाही. ड्यूटीहून आले की दिवा लावते आणि बसते. तुझं भलं, तुझं भलं म्हणत मी माझ्यासाठीच माणूस मागत होते.

आता वाक्यं पाठवू नकोस. घरी काय शिजलं, अम्मच्ची कुणावर ओरडली, ते आपल्या भाषेत लिही, आणि लांबलचक लिही. मला इथे फार एकटं वाटतं. हे मी तुला याआधी एकदाही लिहिलं नव्हतं.

तुझी चेच्ची