अंजनीच्या पिल्लांचे बारसे रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. डॉ. राजीव सबनीस,
अध्यक्ष, पश्चिम उपनगर मराठी स्नेहमंडळ,
नेपरव्हिल, इलिनॉय.

अर्जदार : चारुदत्त गोविंद पिंपळखुटे, निवृत्त विक्रीकर निरीक्षक, नागपूर. हल्ली मुक्काम मुलाकडे, नेपरव्हिल.

विषय : रविवार, दि. १४ मे २००६ रोजी प्राणिसंग्रहालयात योजलेले लेमूरच्या पिल्लांचे बारसे तातडीने रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) मंडळाची ई-मेल, दि. ८ मे. २) अर्जदाराने त्याच दिवशी आपल्या आन्सरिंग मशीनवर ठेवलेला निरोप. ३) तोच निरोप, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

महोदय,

१. अर्जदार आठवड्यातले तीन दिवस फॉक्स क्रीक प्राणिसंग्रहालयात स्वयंसेवक म्हणून हिरवे जाकीट घालून लेमूरगृहाच्या दाराशी उभा असतो. लोकांना स्वच्छतागृह दाखवणे आणि काचेवर टकटक करू नका अशी विनंती करणे, ही कामे त्याच्याकडे आहेत. अर्जदाराबद्दल आपल्या समितीत 'काकांना सगळीकडे भानगडच दिसते' असे बोलले जाते, हे त्याच्या कानावर आहे. कोण बोलले, हेही कानावर आहे. परंतु ज्याने उभी हयात व्यापाऱ्यांच्या दुकानात चहा नाकारण्यात घालवली, त्याच्या बाबतीत संशय ही खोड नसते, ती कमावलेली नजर असते. तेव्हा पुढील मजकूर पूर्ण वाचावा, अर्ध्यावर सोडून फाईलला लावू नये, ही विनंती.

२. गेल्या दिवाळीत मंडळाने सदर प्राणिसंग्रहालयाच्या दत्तक योजनेत एक मादी लेमूर दत्तक घेतली. प्रमाणपत्रावर तिचे नाव वोला असे आहे. मंडळाने परस्पर तिचे अंजनी केले, कारण ती माकड आहे व म्हणून मारुतीच्या कुळातली आहे असे समितीने गृहीत धरले. ती माकड नाही. लेमूर हा वेगळाच प्राणी आहे आणि तो फक्त मादागास्कर बेटावर होतो. त्यातही ही लाल जात त्या बेटाच्या ईशान्येला मासोआला नावाचे जे एक द्वीपकल्प आहे, तेथल्या पावसाळी जंगलाबाहेर जगात कुठेही रानात आढळत नाही. लेमूरगृहावरील फलकात हे लिहिले आहे. फलकावरचा मजकूर अर्जदाराने प्रथम खोटाच धरला होता, कारण देणग्या मागणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या फलकावर 'जगात एकमेव' असे असतेच. म्हणून त्याने नेपरव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात तीन वेगवेगळ्या पुस्तकांतून ते पडताळून पाहिले. मजकूर खरा निघाला. ते जंगलही भातशेतीसाठी जाळले जात आहे आणि इमारती लाकडासाठी तोडले जात आहे, हेही खरे निघाले. उंच झाडांवरची पिकली फळे खाऊन हा प्राणी त्यांच्या बिया दूरवर टाकतो, म्हणजे ज्या जंगलाने त्याला पोसले ते तोच पुन्हा लावतो. असा प्राणी संपत आला आहे हे वाचून अर्जदाराला त्या दिवशी जेवण गेले नाही. सूनबाईंनी विचारले असता त्याने ॲसिडिटीचे कारण सांगितले.

३. आता मुद्द्याची गोष्ट. माकडीण पिल्लू पोटाशी घेऊन हिंडते. ही हिंडत नाही. ही उंच झाडावर काटक्यापानांचे घरटे करते, त्यात स्वतःच्या अंगची लोकर उपटून अंथरते, दोन किंवा तीन पिल्ले घालते आणि त्यांना तेथे ठेवून चरायला जाते. जरा कुठे धोका वाटला, अनोळखी आवाज झाला, की ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते. तेथेही चैन पडले नाही तर तिसऱ्या. आपल्याकडे मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात, तसेच हे. लेमूरगृहात मात्र झाड एक, तेही सिमेंटचे, आणि घरट्याची लाकडी पेटी एक. वोला तेथे दि. ३ मे रोजी बाळंत झाली. तिला तीन पिल्ले झाली. पेटीसमोरच्या काचेवर आतून तपकिरी कागद चिकटवून बाहेर 'शांतता राखा' अशी पाटी लावण्यात आली. पाटी सरळ करण्याचे काम अर्जदाराने आपणहून अंगावर घेतले.

४. दि. ७ मे, रविवार. दुपारी लेमूरगृहात कोणाच्या तरी वाढदिवसाची मंडळी शिरली. प्रथम संशय आपल्याच लोकांवर गेला, पण ती मंडळी गोरी होती, हे नमूद करणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. त्यांच्यातील एका मुलाचा फुगा फुटला. आवाज काही फार मोठा नव्हता. वोलाने पेटीतून एक पिल्लू तोंडात घेतले आणि ती बाहेर आली. तिने सिमेंटच्या झाडाला फेरी मारली, वर गेली, खाली आली, पुन्हा फेरी मारली. पिल्लू ठेवायला तिला जागा सापडेना. लोक टाळ्या वाजवू लागले, कारण त्यांना तो खेळ वाटला. अर्जदाराने हात जोडून सर्वांना बाहेर जाण्यास सांगितले. घाईत तो मराठीत बोलत होता हे त्याच्या नंतर लक्षात आले. तेवढ्यात तिच्या तोंडातून पिल्लू निसटले आणि वरच्या फांदीवरून खाली पडले. डोना नावाच्या बाई तेथे प्राण्यांची देखभाल करतात. त्या धावत आल्या आणि पिल्लू टॉवेलात गुंडाळून घेऊन गेल्या. ते वाचले नाही. तुमच्या मादीने पिल्लू टाकलेच कसे, असे अर्जदाराने त्यांना जरा कडक शब्दांत विचारले, कारण त्यांच्याही हलगर्जीपणाचा त्याला संशय होता. त्यावर त्या म्हणाल्या, "शी इज नॉट अ बॅड मॉम, चारू. शी जस्ट हॅड नोव्हेअर टु गो."

५. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे दि. ८ रोजी, मंडळाची ई-मेल आली. विषय : बारसे. बारावा दिवस नेमका रविवारी, त्यातही मदर्स डे, असा योग पुन्हा येणे नाही, तरी सर्वांनी नटूनथटून यावे, असे सचिव श्री. विक्रम निमकर यांनी कळवले. एरवी आपण गणपतीसुद्धा सोयीच्या शनिवारी बसवतो. या वेळी तिथी आपोआप सोयीची आली म्हणून सर्वांना साक्षात ईश्वरी संकेत दिसला. स्थळ म्हणून बर्थडे पार्टी रूम असे लिहिले असून तळाशी 'आरामदायक चपला घाला, थोडे वॉक करावे लागेल' अशी सूचना आहे. पार्टी रूममध्ये चालायचे कुठे? येथेच पाणी मुरत असल्याचे अर्जदाराच्या ध्यानात आले. चौकशीअंती असे आढळले की प्राणिसंग्रहालयाला केवळ 'बेबी शॉवर' एवढेच सांगण्यात आले असून, ऐन वेळी सर्वांनी मिळून पाळणा लेमूरगृहात नेऊन काचेसमोरच्या कठड्याला बांधायचा, असा बेत आहे. मंगळवारी श्री. निमकर हे त्या कठड्याची टेपने मापे घेताना अर्जदाराला समक्ष दिसले. लेझीम पथकात बारा मुली आहेत. आपल्या सौभाग्यवती कांचनताई पाळणा म्हणणार आहेत, तोही लाऊडस्पीकरवर. ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात ते हेच. अर्जदाराने श्री. निमकर यांना फोन करून तिसरे पिल्लू गेल्याचे कळवले, आवाजाचा धोका सांगितला. त्यांचे उत्तर जसेच्या तसे पुढीलप्रमाणे : "अरे यार काका, सो सॅड. पण बॅनरवर तीन नावं ऑलरेडी प्रिंट झालीत. आपण तीनच ठेवू, कोण काउंट करतंय?" ती नावे केसरी, पवन व बजरंग अशी असून पिल्ले नर की मादी हे अद्याप डोना यांनाही ठाऊक नाही.

५-अ. कटाची व्याप्ती अर्जदाराच्या स्वतःच्या घरापर्यंत पोहोचली आहे, हे लिहिताना त्याला यातना होत आहेत. अर्जदार स्वयंपाकघरात आला की सूनबाई राधिका फोनवरचे बोलणे बदलतात. गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये घुगऱ्यांची पाकिटे मटारच्या पिशव्यांखाली दडवलेली सापडली. नात शिवांगी हिच्या दप्तरात कागदी लाल शेपूट मिळाले. विचारणा केली असता ती "आजोबा, इट्स अ सरप्राइज, आय कान्ट टेल यू" एवढेच म्हणाली व रडू लागली, म्हणून चौकशी स्थगित करावी लागली. ज्या मुलाने दोन वर्षांत अर्जदाराला शिकागोच्या देवॉन रस्त्यावर, जेथे सगळी देशी दुकाने आहेत, एकदाही नेले नाही, तो ऋषी परवा अचानक म्हणाला, "बाबा, संडेला देवॉनला जाऊ या का? मस्त पान खाऊ." अर्जदाराला पान आवडत नाही, हे ऋषीला ठाऊक आहे. रविवारी अर्जदाराला दारावरून हलवण्याची ही कामगिरी त्याला कोणी सोपवली, याचा खुलासा समितीने करावा.

६. मग अर्जदाराने प्राणिसंग्रहालयालाच का कळवले नाही, असे आपण विचाराल. कळवायला तो गेला होता. डोना आईला भेटायला ओहायोला गेल्या असून सोमवारी परततील. पार्टीच्या काउंटरवरच्या मुलीने "बेबी शॉवर फॉर द लेमर्स, हाऊ स्वीट" असे म्हणून त्याच्या हाती रंगीत पत्रक दिले. वरच्या मजल्यावर साहेबांचे कार्यालय आहे. अर्जदार त्या जिन्यापर्यंत गेला आणि परत फिरला. आपलीच माणसे नियम मोडणार आहेत, असे परक्यांच्या दारात जाऊन सांगायचे त्याच्याच्याने झाले नाही. घरचे वाद वेशीवर टांगू नयेत, हेच तो शिकला आहे. शिवाय तक्रार केली की मंडळाचे दार त्याला बंद होणार. या गावी बर्फ पडू लागले की महिनोन्महिने अर्जदाराशी पोटभर मराठी बोलणारे मंडळाखेरीज कोणी नसते. नात इंग्रजीत उत्तरे देते आणि मुलगा थकून येतो. या गोष्टीची अर्जदाराला भीती वाटते. तथापि शनिवारी सायंकाळपर्यंत आपले उत्तर न आल्यास तो जिना अर्जदार चढणार आहे, आणि साहेबांसमोर नावानिशी बोलणार आहे, याची नोंद घ्यावी.

७. सबब विनंती की, बारसे रद्द करावे. करायचेच असेल तर सहा आठवड्यांनी करावे. तोवर पिल्ले आपल्या पायांनी फांदीवर चढतील, मग त्यांना तोंडात धरून पळवायची पाळी आईवर येणार नाही. तेव्हाही लेझीम नको. पाळणा मनात म्हणावा. जगातल्या एकाच जंगलातल्या मोजक्या जिवांपैकी ही दोन आहेत, आणि त्यांच्या आईला पळून जायला नेपरव्हिलमध्ये दुसरे झाड नाही.

८. समितीचा अर्जदारावरचा राग लक्षात घेऊन, बदल्यात तो पुढीलप्रमाणे देऊ करीत आहे. त्याने आजवर मंडळाकडे केलेले सर्व अर्ज आजपासून मागे घेतले आहेत असे समजावे. कोजागरीच्या दुधातल्या पाण्याबाबतचा, सोडतीत लागोपाठ एकाच घराला बक्षीस लागल्याबाबतचा, आणि मंडळाच्या स्मरणिकेत श्रद्धांजलीच्या पानावर अर्जदाराची पत्नी कै. शोभा हिचे नाव राहून गेल्याबाबतचा. या शेवटच्या अर्जाला तो गेले वर्षभर स्मरणपत्रे देत होता. नाव मुद्दामच गाळले, असा त्याचा संशय होता. तो संशयही मागे घेतला. यापुढे ते नाव छापण्याची तसदी आपण घेऊ नये. फक्त रविवारी कोणी तिकडे जाऊ नये.

आपला नम्र, आणि या खेपेस खरोखरच नम्र,

(सही)
चारुदत्त गोविंद पिंपळखुटे
नेपरव्हिल, दि. ११ मे २००६

सोबत :
१) दत्तक प्रमाणपत्राची झेरॉक्स.
२) ग्रंथालयातील पुस्तकांची संबंधित पाने.
३) कै. शोभाच्या नावासंबंधीची सर्व स्मरणपत्रे, मूळ प्रती. फाडून टाकण्यासाठी.