रबराच्या बाईची परवानगी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (मला अजून वाकता येतं. तुला डॉक्टरांनी नको सांगितलंय, तर तू वाकू नकोस.) इकडे सगळे ठीक. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू "बरी आहे" एवढंच सांगणार. खरं काय ते तुझ्या सुनेनं कळवलंय. खुब्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले नाहीत, आणि तू बाथरूमला आतून कडी लावून एकटी अंघोळ करतेस. ती बिचारी दाराला कान लावून पाण्याचा आवाज ऐकत उभी असते. आवाज थांबला की तिच्या छातीत धस्स. मी फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. म्हणून पत्र. ते मध्येच ठेवलंस तरी पुढचं लिहिलेलं असतंच.

मागच्या वेळी मी आले तेव्हाची गोष्ट आधी उरकते. तू कडी लावायच्या आत मी आत घुसले, डोक्यावर पाणी ओतलं आणि पाठ घासायला घेतली. वृद्धाश्रमात सतरा वर्षं हेच करतेय, आठ मिनिटांत माणूस लख्ख. तू हातातला पाण्याचा मग मला फेकून मारलास. (नेम अजून चांगला आहे. टेंगूळ आठ दिवस होतं.) मला वाटलं, भल्याची दुनिया राहिली नाही. तुझ्या सुनेलाही मी तेच सांगितलं, आणि चहा न घेता निघाले.

आता माझं ऐक. आश्रमात फर्मान निघालं की सर्टिफिकेट नसेल त्यांनी नव्या वर्षापासून पेशंटला हात लावायचा नाही. म्हणजे 'मावशी' बंद, 'आरोग्य सहायक' व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या हातात त्यांनी दीडशे पानांचं पुस्तक दिलं. आपण ज्याला लघवी म्हणतो त्याला त्यात एवढा लांब शब्द आहे, की तो वाचून होईपर्यंत पेशंटचं आटोपलेलं असतं. 'निर्जंतुकीकरण' मी भांडी घासताना पाठ केला. कढईपर्यंत 'निर्जंतु' जमायचा, 'करण' यायचं तोवर पाणी जायचं. तरी लेखी पेपर निघाला. घोडं अडलं प्रॅक्टिकलला.

तिथं कॉटवर एक रबराची बाई निजवलेली. तिचं अंग पुसून कपडे बदलायचे. मी म्हटलं, हे तर डाव्या हाताचं काम. पाणी कोपरानं तपासलं, आधी तोंड, मग हात, पाठ, कुशीवर वळवून चादर बदलली, एक सुरकुती दिसली तर नाव बदलीन अशी. अकरा मिनिटं. परीक्षक बाईंनी कागदावर फुली मारली. मी विचारलं, काय चुकलं?

"तुम्ही तिला विचारलंत का, अंग पुसू का म्हणून?"

"बाई, ती रबराची आहे."

"आज रबराची आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

नापास. रबराची परवानगी घेतली नाही म्हणून! घरी येईपर्यंत मी त्या बाईंना मनात काय काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण नोकरीचा प्रश्न, सराव तर हवा. दुसऱ्या दिवशी गेले आमच्या मास्तरांकडे. (जुने हेडमास्तर, लकव्यानं डावी बाजू गेलेली. सहा वर्षं मीच त्यांचं सगळं करते.) पुस्तकात दिल्यासारखी समोर उभी राहिले आणि म्हटलं, नमस्कार, मी आपली आरोग्य सहायक. तर ते म्हणे, मग मावशी कुठं गेली? मी म्हटलं, मावशीच आहे, अंग पुसू का? मास्तर म्हणाले, "नको."

ताई, सहा वर्षांत त्या माणसानं मला नको म्हटलं नव्हतं. मग लक्षात आलं, मी विचारलंच नव्हतं. नको म्हटल्यावर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात बघितलं. थांबावं आणि थोड्या वेळानं परत विचारावं, एवढंच लिहिलंय. अर्ध्या तासानं गेले. नको. आणखी अर्ध्या तासानं गेले, तेव्हा म्हणाले, "पूस. पण तोंड शेवटी. ओलं फडकं एकदम तोंडावर आलं की मला गुदमरायला होतं." सहा वर्षं, रोज सकाळी, मी सुरुवात तोंडापासून करत होते. आणि ते डोळे घट्ट मिटायचे ते मला वाटायचं, बरं वाटतंय म्हणून.

तर मुद्द्याचं. पुढच्या सोमवारी माझी फेरपरीक्षा आहे, आणि सरावाला एक हट्टी, तोंडाळ, कुणाला हात लावू न देणारा पेशंट हवा. तुझ्याइतका चांगला मला मिळायचा नाही. रविवारी येऊ का?

तुझी धाकटी

ता. क. कडी लावायची नाही, दार नुसतं लोटून घ्यायचं. मी बाहेर स्टुलावर बसेन. पाण्याचा मग तुझ्याच हातात राहू दे, हवं तर.

ता. क. २. खोटं बोलणं मला जमत नाही, दोन पानं कसंबसं रेटलं. फेरपरीक्षा गेल्या शुक्रवारीच झाली. रबराच्या बाईला मी दोनदा विचारलं, पास झाले. सराव नकोय मला. त्या दिवशी तुला विचारायचं राहिलं, ते विचारायचंय. पाठ चोळून देऊ का? नको म्हणालीस तर अर्ध्या तासानं परत विचारीन.