एरंडेलाचा तिसरा वाटा

दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८८

सर,

आज शाळेला सुट्टी. सकाळी उठून चहा केला, कपडे धुतले, दारातली कालची रांगोळी झाडली. दहाच्या सुमाराला तुमच्या घरी जायला निघाले. अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत पोचले, तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि काकींना न भेटताच परत आले. आता दुपार आहे. तुम्हाला जाऊन दहाएक वर्षं झाली आणि मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. तुम्ही असताना एकही लिहिलं नव्हतं, त्यामुळे कसं लिहायचं ते माहीत नाही. जे झालं ते सरळ सांगते. तुमचं इंजिन काल माझ्या हातून अडकलं. पंखा आता हलतसुद्धा नाही. आणि काकी समजतात की ते त्यांच्यामुळे झालं.

तुमच्या दोरीवर उडवायच्या छोट्या विमानाचा सांगाडा तुमच्यामागे दोन पावसाळेही टिकला नाही, वाळवीने खाल्ला. इंजिन तेवढं राहिलं. मुठीत मावेल एवढं ते यंत्र तुम्ही फणसाच्या फळीवर स्क्रूने बसवून ठेवलं होतंत, तसंच होतं. दर दसऱ्याला काकी ते पाटावर ठेवून त्याची पूजा करतात, झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान वाहतात. मग मी इंधन तयार करते आणि छोटी टाकी संपेपर्यंत ते अंगणात चालवते. वर्षातून एकदा, दोन-तीन मिनिटं. काकी पडवीच्या खांबाला टेकून ऐकतात. शेजारीण कुंपणापलीकडून हाक देते, "सुटलो गो मास्तरांचो भुंगो!" आवाज थांबला की काकी उठून जवळ येतात आणि धुराचा वास घेतात. एकदा मला म्हणाल्या होत्या, "तेंच्या सदऱ्याक असोच वास येय. कितीव धुतलंय तरी जाय नाय." ती दोन-तीन मिनिटं काकींना काय आहेत हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर आज एवढं वाईट वाटलं नसतं.

तुमच्याकडून मी हे इंधनाचं मिश्रण पहिल्यांदा शिकले तेव्हा नववीत होते. प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत आम्ही सगळे गोल उभे आहोत आणि तुम्ही उकिडवे बसला आहात. समोर दवाखान्यातली औषधाची बाटली, तिच्या कडेला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली. दवाखान्यात त्या पट्टीवरून औषधाचे डोस मोजायचे, तुम्ही तिच्यावर तीन वाटे केले होतेत. पहिल्या खुणेपर्यंत ईथर, दुसरीपर्यंत रॉकेल, तिसरीपर्यंत एरंडेल. ईथर उन्हाने उडून जातं म्हणून त्याची बाटली कळशीत घालून विहिरीत सोडलेली असायची, आणि ती ओढून काढायला आमच्यात भांडणं व्हायची. एरंडेल ओतायला लागलात की मागून कोणीतरी म्हणतो, "सर, विमानाक जुलाब होतले!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "होवंदेत. उरलेलां तुका पाजतंय. मगे बघूया आधी कोण धावता." सगळे हसतात. तुम्ही मात्र तेल खुणेला टेकेपर्यंत बाटलीवरून नजर काढत नाही. ईथर पेटायला, रॉकेल ताकदीला, आणि तेल लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून, असं तुम्ही समजावून सांगितलं होतं. तेल जळत नाही, तसंच बाहेर पडतं, म्हणून तर विमान उडवून झालं की तुमचा सदरा तेलकट असायचा. ओहोटीच्या घट्ट वाळूवर तुम्ही मधे उभे, हातात दोन दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या टोकाला ते विमान गोल गोल फिरतंय. पाच-सहा फेऱ्यांनंतर तुम्हाला घेरी यायची आणि तुम्ही ती कोणाला कळू देत नव्हतात.

पुढे मी कोल्हापूरला शिकले, बी.एस्सी. झाले आणि आपल्याच शाळेत तुमच्या हाताखाली लागले. कॉलेजच्या लायब्ररीत परदेशी मासिकं यायची. त्यांतल्या एकात वाचलं होतं की इंजिन वापरून मोकळं झालं की तेल कमी करायचं. तेल कमी केलं की रॉकेलला जागा होते आणि वेग वाढतो. ते मी तुम्हाला स्टाफरूममध्ये सांगितलं. एकांतात सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "बाय, तुझां पुस्तक थंड देशातलां. हयसर ऑक्टोबरात कावळेव तोंड उघडून बसतत." सगळे हसले. मी म्हटलं, "एकदा करून तर बघू, सर." तुम्ही म्हणालात, "करून बघूक माझ्याकडे दुसरां नाय." त्यावरही कोणीतरी हसलं, पण ते तुम्ही थट्टेत म्हटलं नव्हतं. एवढं बोलून तुम्ही तासाला निघून गेलात. पुढच्या रविवारी किनाऱ्यावर तुम्ही बाटली माझ्या हातात दिलीत. "आता तू कर. मी बघतंय." पहिल्या एक-दोन वेळा तुम्ही बघत होतात. नंतर पाठ करून दोऱ्या सोडवत बसायला लागलात. मी तिसरा वाटा पूर्ण भरणार याची तुम्हाला खात्री होती. मी तो तुम्ही गेल्यानंतरही दर दसऱ्याला पूर्णच भरला. पण दर वेळी भरताना तुमच्याशी मनातल्या मनात वाद घालायचे, आणि दर वेळी तुम्ही त्या कावळ्यांवर येऊन थांबायचात.

काल सकाळी तुमच्या मागीलदारी मी बाटली घेऊन बसले. काकी आत नैवेद्याच्या गडबडीत होत्या. ईथर पहिल्या खुणेपर्यंत घेतलं. रॉकेल ओतताना ते दुसऱ्या खुणेच्या वर गेलं आणि मी हात थांबवला नाही. तेलाला निम्मी जागा उरली. तेल संपलं होतं असं सांगता आलं असतं, पण डबा भरलेला होता. हात हलला असंही सांगता आलं असतं, पण हात हलला नव्हता. त्यामागे काही मोठं कारण असावं म्हणून मी काल संध्याकाळपासून शोधते आहे. सापडत नाही. स्टाफरूममधलं ते हसणं माझ्या मनात राहिलं होतं, एवढंच. मी आता चाळिशीकडे आले आहे. तुम्ही नाही, हसणाऱ्यांपैकी बहुतेक रिटायर झाले. तरीसुद्धा मला एकदा दाखवायचं होतं. कोणाला, ते विचारू नका.

इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. आवाज नेहमीपेक्षा उंच आणि बारीक लागला. धूर जवळजवळ नव्हताच. शेजारीण ओरडली, "आज भुंग्याक काय झालां गो? तरणो झालो!" काकी हसल्या असाव्यात, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी मनात तुम्हाला म्हणत होते, बघा सर, बघा. मग आवाज जरा जाड झाला. लगेच बंद करायला हवं होतं. तुमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाने केलं असतं. मी इंजिनाच्या डोक्यावरची दाब वाढवायची दांडी आणखी थोडी फिरवली, कारण मला तो उंच आवाज परत हवा होता. इंजिन एकदा कण्हल्यासारखं झालं आणि पंखा जागच्या जागी उभा राहिला. तापलेल्या लोखंडाचा वास आला. तो एरंडेलाचा वास नव्हता.

निवल्यावर सुटेल म्हणून थांबले. सुटलं नाही. मग डबा आणून वरून एरंडेल ओतलं, हवं त्यापेक्षा किती तरी जास्त, आणि पंखा हलवून बघत राहिले. काकी पडवीतून उतरून माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तुम्ही इंजिनाला वरून एरंडेल लावून ठेवायचात, ते वर्षभरात चिकट होतं, म्हणून काकी गेली काही वर्षं पूजा झाली की बाहेरून खोबरेलाचा हात फिरवतात आणि मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतात. मला विचारूनच सुरू केलं होतं. चालेल, असं मीच सांगितलं होतं, आणि ते खरंच चालतं. काल मला तेल ओतताना पाहून त्यांना वाटलं की मी त्यांचं खोबरेल धुऊन काढते आहे.

"माझ्या खोबरेलान चिकाटलां काय गो तां?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाय ओ काकी."

"मगे कित्यान?"

"जुनां झालां होतां."

काकींनी फळीवर सांडलेलं तेल पदराने टिपलं. मग म्हणाल्या, "माझां मन राखूक सांगतंस तू. तेव्हाव 'चालात' म्हणालंस तां माका बरां वाटूचां म्हणानच."

मी पुन्हा नाही म्हटलं. पण कारण न सांगता नाही म्हटलं की ते समजूत घातल्यासारखंच लागतं. खरं कारण माझ्या ओठांपर्यंत आलं होतं की नाही हे आता नक्की सांगता येत नाही. आलं होतं असं लिहिलं तर बरं दिसेल. काकींनी इंजिन पुसलं, पण या वेळी खोबरेलाची बाटली काढली नाही. कोरड्याच फडक्यात गुंडाळून ठेवलं.

हे सगळं सांगून टाकावं म्हणून आज सकाळी निघाले होते. गडग्यापाशी पोचले तर काकी विहिरीवर होत्या आणि कुंपणापलीकडे शेजारीण. शेजारीण म्हणत होती, "अगो, यंत्र तां. कधीतरी बंद पडतलांच." काकी म्हणाल्या, "पडतलां तां खरां. पण माझ्या हातान पडाक नको होतां. ते आसताना माका कधी हात लावूक दिल्यानी नाय. म्हणत, तुझे हात पिठाचे, तू लांब ऱ्हव. तेव्हा माका राग येय. आता वाटता, खरां म्हणत ते."

सर, तुम्ही त्यांना असं म्हणायचात हे मला ठाऊक नव्हतं. म्हटलं असेल सहज, कामाच्या घाईत. मीही तुमच्याकडून अशी बोलणी खाल्ली आहेत आणि ती मनात धरून बसले, हे तर तुम्ही वाचलंतच. पण काकींच्या हाताने काही बिघडलेलं नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, जिथे खिडकीचे गज चार वर्षांत खपल्या टाकतात, तिथे त्यांनी इतकी वर्षं त्या इंजिनावर गंजाचा ठिपका येऊ दिला नाही. काल पहिल्या झटक्याला ते सुरू झालं ते त्यांच्यामुळे. बंद पडलं ते माझ्यामुळे. ही दोन वाक्यं मला काकींना मालवणीत सांगायची आहेत, आणि इथे तुम्हाला शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघणार नाही.

गडग्यापाशी काकींचं ते बोलणं ऐकलं तेव्हा वाईट वाटलं असं मघाशी लिहिणार होते. ते नंतर वाटलं. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली आहे, आता मला कोणी विचारणार नाही, असं मनात आलं, आणि मी चपलांचा आवाज न करता मागे वळले. उद्या जाऊन सांगेन असं इथे लिहायचा मोह होतो आहे. लिहीत नाही. लिहिलं तर ते झाल्यासारखं वाटेल आणि मी जाणार नाही.

काल निघताना काकींनी स्टीलच्या डब्यात पिकल्या काकडीचं धोंडस घालून दिलं होतं. "तुझो दसरो माझ्यापायी वाया गेलो," म्हणाल्या. घरी येऊन मी ते सगळं खाल्लं, डब्याच्या कडेला लागलेलं बोटाने पुसूनसुद्धा. गोड लागलं. डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यात काय घालून नेऊ ते सुचत नाही. आता उठते, मागीलदारी जाऊन तो राखेने घासते आणि पालथा घालून ठेवते.