सहभागी क्रमांक नऊ

७ फेब्रुवारी, शुक्रवार

छापून आला एकदाचा! अडीच वर्षं घासली. बालविभाग बंद होऊ नये म्हणून सरकारी इस्पितळातल्या नर्सनी फेसबुकवर जे आंदोलन चालवलं, त्यावरचा माझा लेख. संशोधनाच्या नियमाप्रमाणे कुणाचंही नाव नाही, नुसते क्रमांक. सहभागी क्रमांक नऊ म्हणजे आमची धाकटी. तीही तिथलीच नर्स, खोट्या नावाचं खातं काढून लिहायची. तिचं एक वाक्य मी जसंच्या तसं घेतलंय — ‘खाटा कमी केल्या की पोरं आजारी पडायची थांबतील, असं साहेबांचं गणित आहे.’ अख्ख्या लेखात जीव असलेलं तेवढंच. बाकी माझे तक्ते.

एक प्रत तिला धाडली. लगेच फोन! “ताई, लोकांच्या भांडणांवर पगार खाणारी तू एकटीच गं!” खूप हसली. बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना ऐकलं.

१९ फेब्रुवारी

धाकटीला निलंबित केलं.

डबा उघडला होता आणि तिच्या नवऱ्याचा फोन. “त्या वाक्यावरून, ताई. ते हिचंच आहे हे इस्पितळातल्या साहेबांना कळलंय.” कसं कळलं, विचारलं, तर म्हणाला, “आता जास्त बोलत नाही. चौकशी होईपर्यंत कुणाशी बोलू नका, असं युनियनच्या बाईंनी बजावलंय. तुमच्याशी तर नाहीच.”

माझ्याशी तर नाहीच! डबा तसाच बंद केला.

२० फेब्रुवारी

सकाळी ते वाक्य गूगलमध्ये टाकून पाहिलं. पहिल्याच ओळीत तिचं खातं! नाव खोटं, पण बोलणं शंभर टक्के तिचं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या कुणीही ओळखलं असतं.

दरवर्षी विद्यापीठात नव्या मुलांना मीच बजावते — ऑनलाइन लिहिलेलं जसंच्या तसं छापू नका, शब्द बदला, नाहीतर माणूस सापडतो. परीक्षेत प्रश्न घालते त्यावर! मी बदलून पाहिले होते शब्द. वाक्य पार मिळमिळीत व्हायचं. म्हणून मोहात पडले आणि तिची नोकरी घालवून बसले. लाज वाटते. खूप लाज वाटते.

आईला सांगितलेलं नाही. विचारत होती, “धाकटी फोन का करत नाही गं?” म्हटलं, ड्यूट्या बदलल्यात.

२२ फेब्रुवारी

अकरा फोन केले. एकही उचलला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाक्य कुणाचं, असं इस्पितळाने विचारलं तर काय सांगू, म्हणून विभागप्रमुखांना विचारलं. “हो म्हणू नका, नाही म्हणू नका. काहीही लिहून देऊ नका.” नियमाला धरून बरोबर आहे. त्यांची बहीण नाहीये ना पण!

दुपारी विभागाच्या लेटरहेडवर इस्पितळाच्या चौकशी समितीला पत्र लिहिलं. ‘ते खातं संशोधनासाठी मी स्वतः उघडलं होतं. वाक्यही माझंच. सदर परिचारिकेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.’ धादांत खोटं. वीस वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, आणि आज सही ठोकून हे! होईल ते होवो. स्वतः जाऊन देऊन आले. पाच दिवसांनी पोटभर जेवले.

५ मार्च

चौकशी झाली. मी बाहेर बाकावर बसून होते. दीड तासाने धाकटी बाहेर आली. डोळे सुजलेले. मी उठले, हात पुढे केला. ती समोरून निघून गेली — अनोळखी बाईच्या समोरून जावं तशी. मागून तिचा नवरा. एवढंच बोलला, “तुमचं पत्र वाचून दाखवलं त्यांनी.”

रागावलीय. रागावणारच. माझ्यामुळेच झालं सगळं.

७ मार्च

निलंबन मागे! सोमवारपासून कामावर! पत्र लागू पडलं!!

मला विद्यापीठाची नोटीस येणार म्हणतात. येऊ दे. आईला आता सगळं सांगून टाकलं. तिने डोळे पुसले. म्हणाली, “सांभाळलंस हो धाकटीला.”

मेसेज टाकला — आता तरी बोल. निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही.

१० मार्च

आज ती कामावर गेली असेल. फोन नाही. आईलाही नाही.

१३ मार्च, गुरुवार

नोटीस आली. सोबत चौकशीच्या कागदांच्या प्रती.

पहिलाच कागद माझ्या लेखाच्या पानाची झेरॉक्स. नर्सच्या खोलीतल्या फळ्यावर टाचलेलं पान. वाक्याखाली पेनाने दोन रेघा, आणि बाजूला धाकटीचं अक्षर — ‘हे माझं! आणि लेख लिहिणारी माझी सख्खी ताई.’ कुणी शोधून काढलं नव्हतं तिला. तिनेच लावलं होतं. समितीसमोरही ताठ मानेने तेच म्हणाली, वाक्य माझंच आहे. मग माझं पत्र वाचलं गेलं.

तिला मला तिथेच खोटं पाडता आलं असतं. तिने नाही पाडलं. आणि मी, लोकांचा आवाज, लोकांचा आवाज म्हणून वीस वर्षं घसा कोरडा करणारी, पत्र देण्याआधी तिच्या दारात उभी राहून एकदा विचारलंसुद्धा नाही, की बाई, तुला काय हवंय?

शेवटचा कागद माफीनामा — कामावर परत घेण्याची अट. ‘दुसऱ्याचं लिखाण मी माझं म्हणून सांगितलं. पुन्हा असं खोटं बोलणार नाही.’

खाली तिची सही.