साक्षीदार क्रमांक तीन

वसई,
९ जून २०२५

चि. क्षितिजा हिस,
अ. उ. आ.

नंबर बदललास ते बरं केलंस. त्या निनावी फोनांनी माझीही झोप उडाली होती, मी तर फोनच काढून टाकला. पण आत्याला चार ओळी लिहायला तीन आठवडे? नाशिकला पोस्ट बंद पडलं की काय? तुझ्या काकांनी वाडीतला केळीचा पहिला घड उतरवला. तुझ्या वाटणीची फणी मी खाल्ली, शिक्षा म्हणून.

आपल्या सालोमी वकीलबाई परवा येऊन गेल्या. संग्रामच्या अपिलाची तारीख जवळ आली आहे. शिक्षा दहा वर्षांची, आत काढले चौदा महिने, आणि जामिनावर बोळिंजला त्याचा कॉम्प्युटर क्लास पुन्हा सुरू. बाई म्हणाल्या, हायकोर्टात आपल्याला पुन्हा उभं करत नाहीत. वसईच्या कोर्टात लिहून घेतलेलं वाचतात आणि त्यावरून कोण विश्वासाचं ते तोलतात.

अडलंय ते माझ्यापाशी. तू सांगितलंस, त्याच्या क्लासमधून सहाला घरी आलीस. मी म्हणाले, तू रडत आलीस तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. संध्याकाळची घंटा सातची, म्हणून लिहिलं सात. त्याचा वकील म्हणतो, साडेपाचपासून तो तीस मुलांना शिकवत होता, मग यातली एक बाई खोटी.

आणि काल मोगरा खुडताना आठवलं. ती सातची घंटा नव्हतीच गं! जुलियानाबाई गेल्या त्याची होती, एकेक टोला थांबून थांबून. दुसऱ्या दिवशी हार मीच करून दिले होते. आपण वाडीवाले घंटेवर दिवस काढतो, पण घंटा कसली, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

संग्रामची भावजय भाविका दोनदा येऊन गेली. गोड बोलते. मी चहा दिला, एवढंच.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.
तुझी सुहासिनीआत्या


नाशिक,
१४ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फणी खाल्लीस त्याबद्दल अपील करणार आहे.

घंटेचं तीनदा वाचलं. चर्चच्या वहीत जुलियानाबाईंची तारीख-वेळ असेल. सालोमीताई दर शनिवारी वसईच्या ऑफिसात असतात, त्यांना सांग. नवा पुरावा घ्यायचा की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर आहे, पण अर्ज करता येतो.

खालच्या कोर्टाचं निकालपत्र मी पुन्हा वाचलं. त्यात मी ‘पीडिता’, तू ‘साक्षीदार क्रमांक तीन’. जजसाहेबांनी लिहिलंय की तासाभराची चूक कुणाचीही होते. ही बाई उलटतपासणीत डगमगली नाही. त्यांनी तुला पाहिलं होतं, आत्या. वरच्यांना फक्त पानं दिसणार.

त्या भाविकाला घरात घेऊ नकोस. चहासुद्धा नको.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.
क्षितिजा


वसई,
२० जून २०२५

चि. क्षितिजा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज मिळालं, काम कालच झालं! भाविका संग्रामच्या वकिलाचा माणूस घेऊन आली होती. घंटेचं मी तिला बोलून गेले होते. ती म्हणाली, काकू, चूक झाली तर दुरुस्त करायला हवी, कोर्टालाही तेच आवडतं. मलाही पटलं. शपथेवर चुकीचं बोलल्याचं मनाला लागलंच होतं. वेळ सांगण्यात माझी चूक झाली, एवढंच लिहून आणलं होतं, त्यावर सही केली. काका शेजारीच बसले होते. आता सातचा घोळ मिटला.

काका म्हणाले, बरं झालं, हे प्रकरण संपू दे. पोरीचं लग्न व्हायचंय. मी त्यांना सांगितलं, तिला लग्नाआधी न्याय हवाय. ते उठून वाडीत गेले.

पाऊस धरलाय. छत्री घेऊन फिर.
आत्या


नाशिक,
२४ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. कागद कुठल्या भाषेत होता? किती पानं होती? तू किती ठिकाणी सही केलीस? तुला पूर्ण वाचून दाखवला का? प्रत दिली का?

रागावले नाही. पण हे पत्र हातात पडताच सालोमीताईंकडे जा, शनिवारची वाट बघू नकोस.

क्षितिजा


वसई,
३० जून २०२५

चि. क्षितिजा,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

इंग्रजी होता. तीन पानं, तीन सह्या. वाचून दाखवलं ते पहिलं पानच. बाईंनी कोर्टातून प्रत आणवली आणि मला मराठीत सांगितली. वेळेचं आहेच. पण पुढे आहे की त्या दिवशी तू मला काहीच सांगितलं नाहीस, आणि मी बोलले ते पोलिसांनी पढवलेलं.

मी म्हटलं, आत्ता दुसरा कागद करा, खरं लिहा. करते म्हणाल्या. पण लगेच पेन उचललं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा बोलल्या, दोन उलट कागदांवर सही करणारी बाई दोन्हीकडे अविश्वासाची ठरू शकते.

काल जेवताना काका म्हणाले, त्यांना तिन्ही पानांचं ठाऊक होतं. ताट तसंच ठेवून मी उठले.

फाटकासमोर सकाळपासून एक मोटरसायकल उभी आहे. उभी राहू दे. दुसऱ्या कागदावर मी सही केली, मराठीत, स्वतः वाचून.

आत्या


नाशिक,
६ जुलै २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सालोमीताईंशी तासभर बोलले. तुझा दुसरा कागद आणि चर्चच्या वहीचा उतारा दोन्ही अर्जासोबत जोडतोय. घेतले तर घेतले. पण युक्तिवाद तुझ्या साक्षीवर उभा करायचा नाही, असं ठरलं. पीडितेचं एकटीचं म्हणणं विश्वासाचं वाटलं तर शिक्षेला तेवढं पुरतं, असं कोर्टं मानत आली आहेत. वाटलं तर.

हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. त्या संध्याकाळी तू दार उघडलंस आणि एकही प्रश्न न विचारता मला जवळ घेतलंस. ते कुठल्याही पानावर नाही, आणि ते कुणाला खोडताही येणार नाही.

सुनावणी पुढच्या सोमवारी, १४ तारखेला. तू येऊ नकोस. फाटकाला कडी घाल, शेजारच्या ऑगस्टीनच्या घरी झोपायला जा. मी जाणार आहे. मागच्या बाकावर बसेन. मला कुणी काही विचारणार नाही. ते माझ्या साक्षीचे सत्तावीस कागद उलटतील, आणि संग्राम माझ्यापुढे चार हातांच्या अंतरावर बसलेला असेल.

क्षितिजा