पाहुणीने मोडलेले नान

कार्शीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीस, नोरबीबी ओपास, शहरिसब्जहून धाकट्या ओयनिसोचा वाकून सलाम. तुझे गुडघे, तुझी सून, तुझी लाल गाय आणि तुझा स्वभाव, सगळं ठीक असावं अशी रोज दुआ मागते. निदान पहिली तीन तरी असतील. माझं म्हणशील तर एक डोळा पाझरतो, पण दुसरा दोघांचं काम करतो. हे पत्र मी सांगते आहे आणि नात सनोबर लिहिते आहे. तिकडे ते तुला तुझा नातू एल्मुरोद वाचून दाखवत असेल. (बाळा एल्मुरोद, मध्ये तुझं नाव आलं तर अडखळू नकोस. पत्रात माणसांची नावं यायचीच.)

तर ओपा, पोलंड नावाच्या मुलखातून इथे कॉलेजची पोरं शिकायला आली आहेत. काय शिकायला, तर आपल्याला. आपण कसे जेवतो, कसे रडतो, पाळण्यात तान्हं पोर कसं बांधतो आणि आपले खापरपणजे कोणाशी लढले. मोहल्ल्याचे वडीलधारे तुर्सुनबोबो, त्यांनी ती पोरं घराघरांत वाटून दिली. आमच्या वाट्याला किंगा आली. उंच, पांढरीफटक, ऊन लागलं की डाळिंबासारखी. आपली भाषा बोलते, पण पाचशे वर्षांपूर्वीच्या कवितांतून शिकलेली. पहिल्याच सकाळी मला म्हणाली, "हे मातामही, मुखप्रक्षालनाचे स्थान कोणत्या दिशेस आहे?" माझा बहोदिर, सनोबरचा बाप, चहा टाकून उठून उभा राहिला, त्याला वाटलं काजीसाहेब आले. आता ती मला साधं 'मोमो' म्हणते, सगळ्या आज्या म्हणवून घेतात तसं. नान सुरीने कापला म्हणून बहोदिरला दटावतेसुद्धा.

हसून झालं असेल तर पुढचं ऐक. एक दिवस ती मला आकसराय महालाच्या मोडक्या वेशीपाशी घेऊन गेली. आता मला तिथे कोणी न्यायची काय गरज? जन्म त्या वेशीच्या सावलीत गेला. तिच्या पायाशी जर्दाळू वाळवले, बहोदिरला लहानपणी तिथेच बडवला. माझ्या लेखी ते दोन निळे खांब होते, मधलं काही नसलेले. किंगा तिथे पोचली आणि सरळ जमिनीवर उताणी पडली. म्हटलं, झालं, ऊन लागलं. तर म्हणते, मोमो, तुम्हीही या. मी, या वयात, भर चौकात. (तू तोंडावर रुमाल ओढलास ना? मीही ओढला होता, पण मग काही दिसेना, म्हणून काढला.) पडले आडवी. तिने हात वर केला आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत आभाळात बोटाने रेघ ओढली, पडून गेलेली कमान जिथे होती तिथून. आणि ओपा, मला ती दिसली. निळी, सोनेरी, आख्खी. कबुतरं तिला वळसा घालून चालली आहेत असं वाटलं. खाली मी मुंगीएवढी. एवढी वर्षं मी मान खाली घालून जर्दाळू उलटत होते. मला बोलायला सुचेना. हे किती वेळा घडतं ते तुला ठाऊक आहे. उठवायला मात्र दोन पोलीस लागले.

आता मुद्द्याचं. गुरुवारी हमीदा शिंपीण आपल्या मुलासाठी, दोनियोरसाठी, पुन्हा सनोबरची मागणी घेऊन आली. वेशीवर डागडुजीच्या फरशा बसवतो, तोच तो. सनोबर तुझ्या एल्मुरोदला द्यायची, हा तुला दिलेला शब्द मी विसरले नव्हते. (वाच बाळा, वाच. इकडे लिहिणारीचंही अक्षर वाकडं झालंय.) म्हणून नेहमीसारखं करायचं ठरवलं: तिने आणलेले नान जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर तसेच ठेवायचे, खरबुजांच्या भावावर बोलायचं आणि जाताना आख्खेच्या आख्खे परत बांधून द्यायचे. परत गेले की नकार, मोडले की मुलगी दिली. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण किंगा कुठे शेंबडी. तिला पुस्तकांनी शिकवलेलं की पाहुण्यांपुढे नान न मोडता ठेवणं यजमानाला लाजिरवाणं. बहोदिर पाणी आणायला उठला होता. किंगा आत आली, बसली, बिस्मिल्ला म्हणाली, दोन नान एकावर एक धरले आणि मोडले.

ओपा, मी शंभर लग्नांत नान मोडताना पाहिलेत, पण असे नाही. बरोबर मधून, एक तीळ खाली पडला नाही. तेवढ्यात हमीदाने हात वर करून आमीन म्हणून टाकलं आणि सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले. माझेही, सवय. बहोदिर घागर घेऊन दारात उभा. "मी फक्त पाणी आणायला गेलो होतो," म्हणाला. मग म्हणे, ती घरची नाही, तिचं मोडणं धरायचं नाही. तुर्सुनबोबोंना बोलावलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, थोडा खाल्लाही.

"जोडून दाखव, मग नाही धरत."

"बोबो, नान कुठे जोडता येतो का?"

"मग मला कशाला बोलावलंस? भाजलाय चांगला."

किंगा बिचारी अजाण, आपल्या हातून केवढं झालं ते तिला कळलंच नाही. सनोबर परसात जाऊन उगाच तंदूर झाडत बसली. हिवाळाभर त्या पोरीने घरात धड शब्द काढला नव्हता; झाडताना गात होती. तर माझा शब्द मोडला तो माझ्या हाताने नाही. नशीब एवढ्या लांबून विमानाने आलं, त्याला मी काय करणार? एल्मुरोद सोन्यासारखा मुलगा आहे. दोनदा आला आणि दोन्ही वेळा सनोबरशी टायरांवर बोलला. टायरांची आवड असलेली मुलगीही कुठेतरी असेलच.

तुझी धाकटी,
ओयनिसो (अंगठा माझाच आहे, शाईवरचा डाग वाळल्या जर्दाळूचा)

ता. क. लग्न जर्दाळू उतरले की. सनोबरला आई नाही. नवरीच्या तोंडावर रुमाल टाकायला घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईचा हात हवा, आणि ती तू. तू आली नाहीस तर उंबरा ओलांडणार नाही म्हणते पोर.

आणखी एक ता. क. सनोबरला चहा करायला पाठवलंय. सांगते मीच, पण हे किंगा लिहिते आहे. (एल्मुरोद, हे आजीच्या कानात वाच.) नान मोडला की काय होतं ते हिला आदल्या दिवशी मीच सांगितलं. केव्हा मोडू, असं हिने विचारलं, तर म्हटलं, बहोदिर उठला की. त्याला पाण्याला मीच पाठवला. तुला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती कधीच झाली नाही, आजही नाही. लपवून बोलावलं असतं तर पाहुणीसारखी आली असतीस, पुलाव खाऊन संध्याकाळी परत गेली असतीस. खरं सांगितलंय. आता भांडायला ये. त्याला चार दिवस तरी राहावं लागेल.